गूळ हा उत्पादित आहे का?

(दृश्य: पहाट. करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ. धुराड्यातून धूर.)

पहिलं आदण चढलंय. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस, खाली धगधगतं चुलवाण. काही तासांत याच काहिलीतून गूळ निघेल. रासायनिक अभिक्रियेत भाग घेतात ते पदार्थ अभिकारक, तिच्यातून नवे तयार होतात ते उत्पादित. मग रस अभिकारक आणि गूळ उत्पादित, असं म्हणायचं का?

दहावीची मुलं पटकन ‘हो’ म्हणतात. समीकरणातल्या बाणाच्या डावीकडे अभिकारक, उजवीकडे उत्पादित, हे पाठ असतं ना! पण बाण काढण्याआधी बघायचं, नवा पदार्थ तयार झाला का? रसातली साखर गुळातही साखरच असते. उडून गेलं ते पाणी. म्हणजे हा बदल मुख्यतः भौतिक.

(दृश्य: चुलवाणाचं तोंड.)

मोठी अभिक्रिया इथं, काहिलीखाली चाललीय. वाळलेलं चिपाड हा एक अभिकारक. दुसरा हवेतला ऑक्सिजन. तो दिसत नाही, म्हणून उत्तरपत्रिकेत नेमका तोच राहून जातो. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ ही उत्पादितं, तीही धुराड्यातून निघून जातात. उष्णता समीकरणात उजवीकडे लिहितात, पण ती पदार्थ नव्हे.

(दृश्य: गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, रसात चुन्याची निवळी ओततो.)

हा तांब्याभर चुना फार मोलाचा. रस मुळात थोडा आम्लधर्मी. चुना आणि आम्ल हे अभिकारक, क्षार आणि पाणी ही उत्पादितं. आम्ल तसंच राहिलं, तर तापत्या रसात साखरच अभिकारक होऊन बसते.

कसं, ते मोजून बघू. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२, ऑक्सिजनचे ११ अणू. त्यात पाण्याचा एक रेणू मिळवा: १२, २४, १२. आता बरोबर दोन भाग करा. प्रत्येकात ६, १२, ६. एक ग्लुकोज, दुसरा फ्रुक्टोज. अणू तितकेच, मांडणी मात्र वेगळी. एकही अणू हरवला नाही, तरी साखर आता साखर राहिली नाही. ही दोन उत्पादितं वाढली की गूळ नीट बसत नाही, चिकट राहतो, ओल धरतो.

(दृश्य: पाण्याचं भांडं, गुळव्याची बोटं.)

गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत वळतो. गोळी टणक झालीय. तो हाक देतो, माणसं काहील कलती करतात, आणि सोनेरी पाक गूळ निवायच्या वाफ्यात पसरतो.