काटा पंच्याहत्तरवर ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, टॅक्सी म्हणून ऑक्टोबर 2023मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि ही शेवटची टॅक्सी 2003 साली नोंदवलेली होती. टॅक्सी गेल्या, पण घरोघरच्या जुन्या गाड्या गेल्या नाहीत. कुणाकडे वडिलांची फियाट आहे, कुणाकडे आजोबांची मॉरिस मायनर, कुणी पडून असलेली अँबेसेडर विकत घेऊन वर्षभर खपून उभी केली आहे. रंग नवा, क्रोम चकचकीत, सीटची कव्हरं मापून शिवलेली. मग एक दिवस मनात येतं, पुण्याला घेऊन जाऊ या हिला. आणि गॅरेजमध्ये हमखास प्रश्न येतो, "शंभर पळेल ना?"

पळेल. फियाटचं 1089 सीसीचं इंजिन नीट बांधलेलं असेल, तर सपाट रस्त्यावर ते शंभर गाठतं. टॉप गिअर चौथाच, पाचवा नाही, त्यामुळे शंभरला इंजिन मिनिटाला चार हजारांच्या आसपास फिरत असतं आणि गाडीत बसलेल्या सगळ्यांना ते ऐकू येतं. पण प्रश्न पळण्याचा नाहीच. माझं म्हणणं एवढंच आहे, की जुन्या गाडीचा वेग तिच्या इंजिनाला विचारू नका, ब्रेकला विचारा.

थोडा हिशोब करू. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. आजची डिस्क ब्रेकची, एबीएसची, चांगल्या रेडियल टायरची गाडी शंभरवरून जोरात ब्रेक दाबल्यावर साधारण 42 मीटरमध्ये थांबते. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आणि वर अरुंद टायर असलेली जुनी गाडी, सगळं उत्तम स्थितीत आहे असं धरलं, तरी तिला 80 मीटरच्या घरात जागा लागते. हे दोन आकडे ऐकून फारसं काही वाटत नाही. म्हणून असं बघा. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, दोघींचा वेग शंभर, दोन्ही चालकांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. नवी गाडी जिथे पूर्ण उभी राहिली, त्या रेषेवरून जुनी गाडी पुढे जाते तेव्हा तिचा वेग अजून ताशी जवळजवळ 69 किलोमीटर असतो. समोर ट्रकची मागची बाजू असेल, तर पुढचं सांगायला नको.

हाच हिशोब उलटा केला, तर नवी गाडी शंभरवरून जेवढ्या जागेत थांबते जवळजवळ तेवढ्या जागेत जुनी गाडी पंच्याहत्तरवरून थांबते. म्हणून माझ्या लेखी चांगल्या ठेवलेल्या फियाटचा किंवा अँबेसेडरचा महामार्गावरचा वेग 75. त्याहून जुनी, तारांच्या आऱ्यांची, ब्रेक दोरीने किंवा सळईने ओढणारी गाडी असेल, तर तिने महामार्गाच्या वाटेलाच जाऊ नये. ती गाडी ज्या रस्त्यांसाठी घडवली, तसे रस्ते महाराष्ट्रात अजून भरपूर आहेत.

आता कुणी म्हणेल, पंच्याहत्तरने चाललो तर मागचे हॉर्न वाजवून जीव घेतील. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाटीला मर्यादा 100, समृद्धीवर कारला 120. खरं आहे, फार हळू चालणं हाही धोकाच आहे. पन्नासने रेंगाळणारी गाडी मागून ऐंशीने येणाऱ्या ट्रकच्या चालकाला उशिरा उमगते. पंच्याहत्तर हा साधारण मालवाहतुकीचाच वेग, म्हणजे त्या प्रवाहात आपण अडथळा ठरत नाही. डावी लेन धरायची आणि शांत राहायचं. आपल्याकडे ट्रक मधल्या आणि कधी कधी उजव्याही लेनमधून चालतात, तेव्हा डावी लेन अनेकदा सगळ्यात मोकळी सापडते, ही गंमत वेगळीच.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर मीटरमध्ये डोळ्यांनी मोजता येत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबाला ओलांडते, तिथून मोजायला लागा. आपण त्या खांबाशी पोचेपर्यंत चार सेकंद जायला हवेत. नव्या गाडीला दोन सेकंद सांगतात, तुम्ही चार ठेवा. आपल्या रस्त्यावर चार सेकंदांची मोकळी जागा दिसली की कुणीतरी कट मारून आत घुसतोच. घुसू द्या, ॲक्सिलरेटर सोडा, पुन्हा मागे व्हा. दिवसभरात असं वीस वेळा करावं लागलं, तरी पुण्याला पोचायला फार तर दहा मिनिटं जास्त लागतील.

घाटाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण जुन्या गाडीची खरी परीक्षा चढणीला नसते, उतरणीला असते. चढताना तापमानाचा काटा लालवर गेला, रेडिएटर उकळला, तर गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि थंड होऊ द्यायची. तापलेल्या रेडिएटरचं झाकण तेवढं उघडायचं नाही. वेळ जातो, जीव जात नाही. खंडाळ्याहून खाली खोपोलीकडे उतरताना मात्र पाय सारखा ब्रेकवर राहिला, की ड्रमच्या आत उष्णता साठत जाते. ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा, आतली धग बाहेर पडायला वाटच नाही. लोखंडाचा ड्रम तापून फुगतो आणि त्याला आतून घासणाऱ्या ब्रेक शूपासून लांब सरकतो. पॅडल अधिकाधिक खाली जायला लागतं. शूवरचा लायनर तापला की त्याची पकडही सुटते. डिस्क ब्रेकमध्ये तबकडी उघड्या वाऱ्यात असते आणि तापली तरी पॅडपासून दूर जात नाही, म्हणून नव्या गाडीवर हात बसलेल्या माणसाला हे ठाऊकच नसतं. शिवाय ताशी 60 ऐवजी 100ने आलात, तर थांबवताना ब्रेकने गिळायची उष्णता पावणेतीन पटीहून थोडी जास्त होते. वेगाचा वर्ग होतो, तो असा.

त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी पंचाईत. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट-3 तेल 205 अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं असलं तर 140 अंशांनाच उकळायला लागतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पॅडल दाबलं की बुडबुडेच दबतात, चाकापर्यंत जोर पोचत नाही. कोकणात, मुंबईत, दमट हवेत राहणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी वर्षात दोनशे किलोमीटर चालली असली तरी. उलट न चालणाऱ्या गाडीचीच काळजी जास्त. व्हील सिलिंडर गंजतात, रबरी वॉशर आखडतात, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांना ब्रेकचं सर्किट एकच. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक गेला.

म्हणून उतरणीला नियम जुनाच: ज्या गिअरमध्ये चढला असता, त्या गिअरमध्ये उतरा. स्टिअरिंगशेजारच्या हँडल गिअरने दुसरा टाकायचा आणि इंजिनाला गाडी धरू द्यायची. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारून घाट उतरणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली. त्यांचं नशीब आणि त्या वेळचा मोकळा रस्ता, दोन्ही आता शिल्लक नाही.

टायरकडे लोक नक्षी बघतात. जुन्या गाडीचा टायर झिजून बाद होत नाही, वाळून बाद होतो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2314 असेल तर तो 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही भरलेली दिसो, असा टायर घेऊन समृद्धीच्या काँक्रीटवर मे महिन्यात जाऊ नका. तारीखच नसेल किंवा तीनच आकडे असतील, तर टायर गेल्या शतकातला आहे. आणि एकाच ॲक्सलवर एक रेडियल, एक जुन्या धाटणीचा नायलॉन असं कधीही चालवू नका, गाडी ब्रेकला एकीकडे ओढते.

दिव्यांबद्दल एकच. जुन्या फियाटचा मागचा लाल दिवा दुपारच्या उन्हात पेटलाय की नाही, ते जवळ उभं राहूनही कळत नाही. मागून नव्वदने येणाऱ्याला काय कळणार? मागच्या काचेला आतून एक जादा एलईडी ब्रेक लाइट लावा. रॅलीच्या दिवशी काढून ठेवता येतो.

इथे मूळ स्वरूप जपणारे मित्र रागावतात. कारखान्यातून आली तशीच गाडी हवी, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण ब्रेकच्या होज पाइपचं वय जपण्यात कसला इतिहास आहे, ते मला समजत नाही. केंद्र सरकारने 2021मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. तिथेही मोठा बदल नको, असं म्हटलंय ते चासी, बॉडी आणि इंजिनाबाबत. जाता जाता सांगतो, ती नोंदणी घेतली असेल तर गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. लोणावळ्याची चिक्की त्यात बसत नाही.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्यांना आणि गाडीतल्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या पडद्याला ते मानवत नाही. तापलेल्या इंजिनावर गळकी नळी म्हणजे आग. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या टाका आणि पाच किलोचा अग्निशामक हाताशी ठेवा, डिकीत स्टेपनीखाली नव्हे.

आणि रस्ता निवडायचा हक्क आपल्याकडे आहे, हे विसरतो आपण. इंग्लंडमध्ये दर नोव्हेंबरात 1905च्या आधीच्या गाड्या लंडनहून ब्रायटनला जातात. 1896 साली तिथली वेगमर्यादा ताशी 4 मैलांवरून 14 मैल झाली, त्या आनंदात निघालेल्या फेरीची ही आठवण. अंतर साधारण 60 मैल, म्हणजे आपल्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या एक्स्प्रेसवेएवढंच. शेजारी मोटरवे असताना त्या गाड्या जुन्या रस्त्याने जातात, आणि सरासरी 20 मैलांपेक्षा जास्त वेग ठेवायला आयोजकांचीच मनाई असते. आपल्यालाही पनवेल, खोपोली, लोणावळा असा जुना मुंबई-पुणे रस्ता आहे. त्यावर वडापाव मिळतो, थांबता येतं, आणि फियाटकडे बघून लोक हात करतात.

शेवटी एक काम सांगतो, ज्याला हत्यार लागत नाही. घाट उतरून खोपोलीला थांबलात, की चहा मागवण्याआधी चारही चाकांशी जा. हात ड्रमला लावू नका, भाजेल. तळहात चार बोटं लांब धरा. पुढची दोन सारखी तापलेली हवीत, मागची दोन त्यांच्याहून थोडी कमी, पण एकमेकींसारखी. एखादं चाक जोडीदारापेक्षा फार गरम असेल, तर तिथला शू चिकटून बसलाय. आणि एखादं गार असेल, तर ते चाक ब्रेक मारतच नाहीये, त्याचं काम बाकीची तीन करतायत. तशी गाडी पुढे नेऊ नका, खोपोलीतच मेकॅनिक शोधा.

नमस्कार.