मुलांना पर्जन्यवनात नेताना एकच प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

पर्जन्यवनाची सहल ठरली की मुलं पहिल्यांदा विचारतात, कोणते प्राणी दिसतील? याचं खरं उत्तर आदल्या दिवशीच वर्गात देऊन टाकावं: मोठा प्राणी बहुधा एकही दिसणार नाही. बरेच प्राणी रात्री हिंडतात, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळसे तीसेक मीटर उंचीवर, पानांच्या छतात राहतात. कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवरचे भुंगेरे गोळा केले होते. ती मोजदाद १९८२ साली प्रसिद्ध झाली. जाती भरल्या ११०० हून अधिक. म्हणजे वस्ती सगळी वर आणि आपली मुलं खाली. पण वरचं बरंच काही सतत खाली पडत असतं, आणि पाहण्यासारखी खरी गंमत तिथेच आहे.

म्हणून सहलीला जाताना सोबत एकच प्रश्न न्यावा. या जंगलात वर्षभर पानं गळतात, तरी जमिनीवर पाचोळ्याचा डोंगर का साचत नाही? दहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न झेपतो आणि त्याचं उत्तर त्याला स्वतःच्या हातांनी शोधता येतं.

चालणं थोडं ठेवा. एक किलोमीटरच्या आतली वाट आणि तीन थांबे पुरतात. प्रत्येक थांब्याला अर्धा ते पाऊण तास. शिक्षकांनी आठवडाभर आधी, सहलीच्याच वेळी, ती वाट चालून यावी. कुठे डोक्यावर वाळलेल्या फांद्या लटकताहेत, पाऊस आला तर कुठला ओढा वाट अडवेल, मोबाइलला रेंज कुठपर्यंत आहे, हे तेव्हाच कळतं. जंगलाची देखरेख करणाऱ्या खात्याची परवानगीही तेव्हाच हातात घ्यावी. पाच-सहा मुलांचा गट आणि प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस, हे प्रमाण मोडू नये.

पहिला थांबा जंगलाच्या बाहेर, उघड्यावर. इथे उजेड आणि ओलावा मोजायचा, म्हणजे आतल्या आकड्यांशी ताडून पाहायला काहीतरी हाताशी राहतं. बहुतेक सहलींत नेमकं हेच राहून जातं आणि आतले आकडे मग पोरके होतात. उजेड मोजायला मोबाइलवरचं लक्समापक ॲप चालतं; लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक. उजेड टिपणारा भाग बहुधा पडद्याच्या वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. फोन आडवा, कमरेच्या उंचीवर धरायचा आणि वाकून पाहणाऱ्या मुलाच्या डोक्याची सावली त्यावर पडू द्यायची नाही. भर उन्हात आकडा एक लाख लक्सच्या आसपास जाऊ शकतो, पण काही फोन त्याआधीच एका आकड्यावर अडकतात. ते आधीच्या फेरीत तपासून ठेवावं. दाट छताखाली जमिनीपर्यंत वरच्या उजेडाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग पोचतो. मात्र आत कवडसे असतात, आणि एक कवडसा सगळी सरासरी बिघडवतो. म्हणून पाच ठिकाणचे आकडे घ्या, चढत्या क्रमाने लिहा आणि मधला धरा.

ओलाव्यासाठी दोन तापमापक लागतात, लाल द्रवाचे. पाऱ्याचे नेऊ नयेत, फुटले तर पारा गोळा करता येत नाही. एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळून दोन्हींना सावलीत तीन मिनिटं पुठ्ठ्याने वारा घालायचा. पाणी सुकताना उष्णता घेतं, म्हणून ओल्या फुग्याचं तापमान उतरतं. बाहेर दोन्ही आकड्यांत चांगलं अंतर पडतं, आत ते अगदी कमी होतं, कारण आतल्या हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. बाटलीतलं गार पाणी वापरलं किंवा फुगा बोटांत धरला तर आकडा खोटा येतो, आणि मुलं हमखास फुगाच धरतात.

दुसरा थांबा पाचोळ्याचा, आणि सहलीचा जीव इथे आहे. दोरीवर दोन मीटर मोजून, पुढे थोडी गाठीपुरती सोडून ती कापा. प्रत्येक ५० सेंटिमीटरवर खूण करा आणि गाठ मारा. चार काड्यांना ताणली की चौकोन तयार. पाचोळा किती जाड असेल याचा अंदाज प्रत्येक मुलाने आधी वहीत लिहायचा. मग धातूची पट्टी माती लागेपर्यंत सरळ खाली घालून चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजायचं. बहुतेकांचा अंदाज फार मोठा निघतो.

आता थर एकेक करून उचला. वर अख्खी पानं, त्याखाली भोकं पडलेली, त्याखाली नुसत्या शिरांची जाळी, आणि तळाला काळसर भुगा. पानांमधून गेलेले पांढरे धागे दिसले की तिथे थांबा: ते बुरशीचं जाळं, पान कुजवणारं मुख्य यंत्र. पाचोळा चमच्याने पांढऱ्या ट्रेमध्ये थोडा थोडा घ्यायचा आणि जीव मऊ ब्रशने बाजूला करायचे, बोटांनी नाही, कारण गोम चावते. मग पाय मोजा. सहा असतील तर बहुधा कीटक, आठ असतील तर कोळी किंवा त्याचा नातलग. गोमेला शरीराच्या प्रत्येक कड्याला पायांची एक जोडी, तर पैसा किड्याला बहुतेक कड्यांना दोन. भिंग डोळ्याजवळ धरून वस्तू भिंगाकडे आणायची, हे वर्गातच शिकवून ठेवलेलं बरं. सगळा पाचोळा एकदम ट्रेमध्ये ओतला तर थरांचा क्रम हरवतो, आणि ट्रे उन्हात राहिला तर ओल्या कातडीचे जीव काही मिनिटांत सुकतात. दहा मिनिटं झाली की सगळं त्याच जागी, त्याच क्रमाने परत.

तिसरा थांबा मोठ्या झाडाचा. उबेत आणि ओलाव्यात पानं झपाट्याने कुजतात, आणि सुटलेलं पोषण मुळं व बुरशी लगेच शोषून घेतात. मातीत ते साठून राहत नाही. म्हणून बहुतेक मुळं वरच्या थरात पसरतात आणि काही झाडं खोडाशी फळ्यांसारखी आधारमुळं उभारतात. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात, पण फळ्या त्याहून उंच असतील तर त्यांच्या वर मोजावा, नाहीतर घेर कितीतरी जास्त भरतो. झाडाची उंची काठीने मोजण्याचा पाठ इथे घेऊ नका. शेंडाच दिसत नाही. त्यापेक्षा बुंध्याशी पडलेली फुलं, अर्धी खाल्लेली फळं, कुरतडलेली पानं पाहा. वर कोण जेवून गेलं ते त्यावरून समजतं.

आता सांभाळायच्या गोष्टी. फुल पँटचे पाय मोज्यांत खोचलेले हवेत. जळू चिकटली तर मीठ लावू नका, काडी पेटवू नका. त्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते. तिच्या निमुळत्या टोकाशी नख सपाट घालून सरकवली की ती सुटते. रक्त काही वेळ वाहत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. हे मुलांना आधीच सांगितलं तर रडारड कमी होते. हाताला कीटकरोधक मलम असताना बेडकाला अजिबात हात लावू नये, त्याची कातडी ते शोषून घेते. बुटांचे तळवे जंगलात शिरण्याआधी घासून घ्या, कारण मातीबरोबर परक्या बिया आणि रोगट बुरशी आत जाते. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अर्ध्या दिवसाला प्रत्येकी किमान एक लिटर पाणी ठेवा. लिहायला पेन्सिलच, शाई फुटते. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. चुकलेल्या मुलाने चालायचं नाही, झाडाशी थांबून तीनदा फुंकायची. जोराचा वारा सुटला तर थांबे अर्धवट टाकून उघड्यावर या, आणि ढग गडगडत असतील तर थेट बसमध्ये.

जंगलातून काही आणायचं नाही, पानही नाही. उत्तर शाळेत पुरं करता येतं. आवारातल्या एकाच झाडाची वाळलेली पानं, प्रत्येकी १० ग्रॅम, जाळीच्या सहा पिशव्यांत भरा. तीन ओल्या सावलीत मातीला चिकटवून ठेवा, तीन कोरड्या उन्हात. दर महिन्याला दोन्हीकडची एकेक पिशवी उचला, माती झटका, पानं पूर्ण वाळवा आणि मगच तोला. ओली तोलली तर वजन वाढलेलंच दिसेल. तीन महिन्यांचे आकडे आलेखावर मांडले की त्याशेजारी जंगलातल्या ओलाव्याचे आकडे लावा, आणि पाचोळा कुठे गेला ते मुलांनाच सांगू द्या.