दोघांची सहल, दोन दिशांना

नमस्कार. आजचा विषय आहे जुळ्या मुलांना घेऊन बाहेर जाण्याचा, आणि त्यात ‘धमाल’ हा शब्द आहे. तो वाचून मी घरी एकटीच हसले. दीड-दोन वर्षांची जुळी असलेल्या घरात सहल दारापाशीच सुरू होते. एकाच्या पायात बूट चढवेपर्यंत दुसऱ्याने आपले काढून दाराआड फेकलेले असतात. पहिले काही महिने मला याचा फार राग यायचा. मग लक्षात आलं की त्यांच्या लेखी हीच सहल आहे. घाई फक्त मला होती.

बागेत पोचलो की एक झोक्याकडे सुटतो आणि दुसरा मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवा बसतो. मोठं माणूस एकच असेल तर मी ठिकाण निवडताना एवढंच बघते, की कुंपण आहे का आणि बाहेर पडायची वाट एकच आहे का. घसरगुंडी किती उंच आणि झोके किती, हे मग गौण ठरतं.

बाबागाडीबद्दल हमखास विचारलं जातं. शेजारी-शेजारी बसायची गाडी अरुंद दारात अडते. मागे-पुढे बसायची कुठूनही जाते, पण लांब असल्यामुळे वळवताना दमवते आणि मागच्याला बऱ्याचदा पुढच्या सीटची पाठच दिसते. आमच्या मागच्याने त्यावर उपाय काढला होता: पुढच्याचे केस ओढायचे. शेवटी आम्ही रुंद गाडी घेतली आणि काही दारांचा नाद सोडला.

लोक दुसरं विचारतात, “मग काय, एकमेकांशीच खेळत असतील, तुम्हाला निवांत!” कुठलं निवांत! वाळूत दोघं पाठीला पाठ लावून बसतात आणि आपापली बादली भरतात. मिल्ड्रेड पार्टेन या अभ्यासिकेने लहान मुलांच्या खेळाचे प्रकार 1932 साली मांडले, त्यात हा शेजारी-शेजारी, पण आपला आपला खेळ आहे. या वयात तो अगदी स्वाभाविक. जुळी आहेत म्हणून त्यांनी मिळून किल्ला बांधावा ही आपली हौस. मात्र एकाने डबक्यात पाय आपटला की दुसरा सगळं टाकून धावतो, आणि मग दोघं एकमेकांकडे बघून जे खिदळतात, त्यासाठी कपड्यांचा तिसरा जोडही मी आनंदाने बाळगते.

आता मला खरं जे सांगायचंय ते. दोघांना कधीकधी वेगवेगळं बाहेर न्या. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया आणि त्यांच्या सहकारी युदोविच यांनी पाच वर्षांच्या जुळ्या भावांचं निरीक्षण केलं होतं. 1956 साली ते प्रसिद्ध झालं. त्या दोघांचं आपसात तुटक शब्दांवर आणि खाणाखुणांवर भागत असे, त्यामुळे बोलायची गरजच कमी पडे. बालवाडीत वेगळ्या गटांत ठेवल्यावर काही महिन्यांतच त्यांचं बोलणं सुधारलं. त्यावरून कुणी मुलांची ताटातूट करू नका हं! पण बोलणारं मोठं माणूस एक आणि ऐकणारी दोन, हा हिशोब आपल्याही घरात रोजचाच. एकटं नेलं की तो हिशोब तासाभरापुरता बदलतो.

मी एकाला घेऊन नुसती कोपऱ्यापर्यंत जाते. परवा त्याने वाटेत एका कुत्र्याविषयी मला इतकं काही सांगितलं, की निम्मं कळलंच नाही. पण मधे बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते पुन्हा सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा.

घरी राहिलेला रडत नाही का? रडतो ना. पाचेक मिनिटं दारापाशी भोकाड पसरतो. मग त्याच्या ध्यानात येतं, की भांड्यांचा खालचा कप्पा आज त्याच्या एकट्याचा आहे.