रोहित गुलाबी का, आणि एका पायावर का?

(दृश्य: ऐरोली, ठाणे खाडी. ओहोटीची वेळ.)

ओहोटी लागली, की खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे चरायला उतरतात. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने गेलं, तर ते अगदी जवळून दिसतात. नेरूळ-सीवूड्सच्या मंडळींना तेवढेही कष्ट नकोत. खाडीचा हा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

आता थवा नीट बघा. सगळे गुलाबी नाहीत. मधूनमधून करडे, मळकट पक्षी दिसतात ना? ती वेगळी जात नव्हे, याच रोहितांची वाढती पिल्लं आहेत. जनुकं आईबापांकडूनच आलेली, तरी रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात. का?

(दृश्य: चोच पाण्यात बुडवून चरणारा छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो ही जात.)

कारण हा रंग पोटातून येतो. छोटा रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि जिभेने पाणी आत ओढून बाहेर टाकत राहतो. चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत सूक्ष्म शैवाल अडकतं. त्यात कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटीन याच कुळातलं.

मग गाजरं खाऊन आपण गुलाबी का होत नाही? फारच खाल्ली तर तळहात पिवळसर होतात, हे खरं. पण मजल तिथेच थांबते. पिवळ्या रंगद्रव्याचं लाल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या शरीरात नाही. विकर हे प्रथिन असतं, आणि ते कसं बांधायचं हे जनुकात लिहिलेलं असतं. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन: दहावीच्या पुस्तकातली ही साखळी इथे पिसांवर उमटलेली दिसते. लाल कॅनरी आणि झेब्रा फिंच या पक्ष्यांच्या अभ्यासातून २०१६ मध्ये असं एक जनुक हाती लागलं. त्याचं नाव सीवायपी२जे१९. नाव पाठ करू नका, काम लक्षात ठेवा.

म्हणजे जनुक असूनही खाद्य नसेल तर रंग नाही. प्राणिसंग्रहालयातल्या रोहितांना आहारातून कॅरोटिनॉइड मिळाली नाहीत, तर नव्याने येणारी पिसं फिकी पडत जातात. तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘रंग हे आनुवंशिक लक्षण’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका.

(दृश्य: एका पायावर झोपलेला रोहित.)

आणि हे एका पायावर उभं राहणं! आधी एक गंमत. पायाच्या मध्यावर उलटा वाकलेला तो सांधा गुडघा नाहीच, घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला.

ठाणे-वाशी लोकलमध्ये काही न धरता उभे राहून पाहा. अंतर्कर्णातला द्रव हलतो, पोटऱ्यांचे स्नायू ताणले जातात, तळव्यांवरचा दाब बदलतो. या खबरा चेतातंतूंतून धावतात. वेगवान तंतूंमधला वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात असतो. मेरुरज्जू आणि अनुमस्तिष्क, म्हणजे मेंदूचा तोल सांभाळणारा भाग, लगेच स्नायूंना हुकूम सोडतात, आणि तुम्ही तोल सावरता, बहुतेक वेळा तुमच्या नकळत.

मग झोपलेला रोहितही रात्रभर हेच करत असेल? अटलांटातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये हे तपासलं. त्यांनी चक्क मृत रोहिताचा देह एका पायावर तोलून पाहिला, आणि तो उभा राहिला! ना मेंदूचा हुकूम, ना स्नायूंचा जोर. शरीराचा भार पायावर योग्य कोनात आला, की सांधे आपोआप स्थिर होतात. दोन पायांवर मात्र तो देह टिकेना.

जिवंत रोहितांवरही त्यांनी मापं घेतली. डुलकी लागलेला पक्षी फारच कमी डोलत होता. जागा होऊन मान फिरवू लागला, पिसं साफ करू लागला, की त्याचं डोलणं वाढायचं, आणि तोल सांभाळायचं काम पुन्हा मज्जासंस्थेकडे यायचं.