आधी साल, मग रस: लिंबाचा लोफ केक

(दृश्य: पिवळ्या लिंबाची साल, अगदी जवळून. दोन बोटं ती दुमडतात आणि उजेडात बारीक फवारा उडतो.)

हा फवारा पाण्याचा नाही, तेलाचा आहे. लिंबाच्या सालीचा जो वरचा रंगीत थर असतो, त्यात टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या दाटीवाटीनं बसलेल्या असतात आणि हे तेल त्यांत साठलेलं असतं. तेलाचा मोठा भाग लिमोनीन या द्रव्याचा. पण ‘हे लिंबू’ अशी खूण नाकाला पटवतं ते सिट्रल, आणि ते त्या तेलात अगदी थोडंसंच असतं.

रसात मात्र पाणी, सायट्रिक आम्ल आणि किंचित साखर. रसाला आंबटपणा भरपूर, वास बेताचा. म्हणूनच घरोघरी तीच तक्रार ऐकू येते, की एवढा रस घातला तरी केकला लिंबाची चव म्हणून नाही. मग पुढच्या वेळी रस आणखी वाढवला जातो आणि केक चवीला तसाच राहून वर चिकटही होतो. लिंबाच्या केकमध्ये चव सालीतून येते. रसाचं काम आहेच, पण ते बहुतेक सगळं केक ओव्हनमधून बाहेर आल्यावर सुरू होतं.

(पडद्यावर: मैदा १९० ग्रॅम. साखर २०० ग्रॅम. बटर १७० ग्रॅम. अंडी ३, कवचाशिवाय साधारण १५० ग्रॅम. घट्ट दही ६० ग्रॅम. बेकिंग पावडर दीड लहान चमचा, सपाट. मीठ अर्धा लहान चमचा. जाड सालीची पिवळी लिंबं ३.)

हे प्रमाण २१ सेंटिमीटर लांब, ११ सेंटिमीटर रुंद आणि सहा-सात सेंटिमीटर खोल लोफच्या भांड्यासाठी आहे. भांडं याहून लहान असेल तर सगळं मिश्रण त्यात कोंबू नका. दोन तृतीयांश भरलं की थांबायचं आणि उरलेल्याचे दोन-तीन कपकेक करायचे. काठोकाठ भरलेला लोफ फुगताना कडेनं सांडतो, आणि मधला भाग कच्चा असतानाच वरचं कवच करपायला लागतं.

लिंबं गरम पाण्यात ब्रशनं घासून, पुसून पूर्ण कोरडी करा. फळांवर चकाकीसाठी मेणाचा पातळ थर दिलेला असतो. तो किसात जाता कामा नये. किसणी बारीक दातांची हवी. फळ किसणीवर एका जागी एकदाच ओढायचं आणि लगेच फिरवायचं. पिवळा रंग गेला आणि खाली पांढरं दिसलं, की तिथलं काम संपलं. तो पांढरा थर कडू असतो, आणि पुढे कितीही साखर घातली तरी तो कडवटपणा झाकला जात नाही. तीन लिंबांचा मिळून तीन मोठे चमचे कीस निघतो. लिंबं कापून रस काढण्याआधीच साल किसून घ्या. पिळून लोळागोळा झालेलं लिंबू किसायला घेतलं, की लिंबापेक्षा बोटंच जास्त किसली जातात.

(दृश्य: साखरेत कीस पडतो. बोटांची टोकं दोन्ही एकत्र चोळताहेत. साखर हळूहळू पिवळसर, दमट होते.)

या केकमधली सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं हीच, आणि बहुतेक जण हीच गाळतात. कीस मैद्यात तसाच टाकला तर त्याच्या बारीक गुठळ्या होतात आणि पिशव्यांमधलं बरंचसं तेल आतच राहतं. साखरेबरोबर चोळला तर दाण्यांच्या धारदार कडा त्या पिशव्या फोडतात आणि बाहेर आलेलं तेल साखर धरून ठेवते. साखर ओल्या वाळूसारखी लागेपर्यंत चोळा आणि झाकून पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. साखर बारीक दाण्याची घ्या. दाणे जाड असतील तर मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंद फिरवा, त्याहून जास्त नको. पिठीसाखर इथे चालत नाही, आणि त्याचं कारण पुढच्याच पायरीत आहे.

(दृश्य: मऊ बटरवर बोट दाबलं जातं. खळगा पडतो, पण बटर चकाकत नाही.)

बटर १८ ते २० अंशांवर असावं. बोटानं दाबलं तर खळगा पडावा, पण पृष्ठभाग तेलकट दिसू नये. त्यात ही सुगंधी साखर घालून बीटरनं मध्यम वेगावर चार-पाच मिनिटं फेटा. साखरेचे दाणे बटरमधून फिरताना हवेचे असंख्य बारीक बुडबुडे कोरत जातात. पिठीसाखरेला तशा कडाच नसतात, आणि वितळलेल्या बटरला हे बुडबुडे धरून ठेवता येत नाहीत. मिश्रणाचा रंग फिकट झाला, पोत हलका झाला आणि भांड्याच्या कडेला चिकटलेलं बटर दोनदा तरी खरवडून आत घेतलं, की झालं.

या बुडबुड्यांना इतकं महत्त्व का? बेकिंग पावडर केक फुगवते हे खरं, पण ती नवे बुडबुडे जन्माला घालत नाही. जे आधीच आहेत त्यांनाच मोठं करते. लोफ केकचा पूर्वज म्हणजे पाउंड केक. मैदा, साखर, बटर आणि अंडी, चारही एकेक पाउंड. फ्रेंच लोक अशाच केकला ‘कात्र-कार’, म्हणजे चार चतुर्थांश, म्हणतात. हा केक बेकिंग पावडरीच्या आधीचा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. तोवर पाउंड केक फुगायचा तो हातानं फेटून कोंडलेल्या हवेवर. आज बेकिंग पावडर हाताशी आहे म्हणून फेटण्याची पाच मिनिटं दोनवर आणली, तर केक फुगतो खरा, पण जाळी जाड आणि ओबडधोबड पडते.

आता अंडी. फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवलेली असावीत; घाई असेल तर कवचासकट दहा मिनिटं कोमट पाण्यात. तिन्ही अंडी वाटीत हलकेच फेटून घ्या आणि बटरमध्ये पाच-सहा वेळा थोडी थोडी ओता. प्रत्येक वेळी आधीचं पूर्ण मिसळू द्या. अंड्यात पाणी बरंच, बटरमध्ये स्निग्धांश. दोघांना एकत्र बांधून ठेवायचं तर सावकाश जावं लागतं. थंड अंडं एकदम पडलं, की बटर गोठतं, मिश्रण फाटतं आणि फाटलेल्या दुधासारखं दिसू लागतं. तसं झालंच तर टाकून देऊ नका. मोजलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा घालून फेटा. मैदा सुटं पाणी शोषून घेतो. अंडी गार असल्याचा संशय असेल तर भांडं अर्धा मिनिट कोमट पाण्यावर धरा. फाटलेल्याच मिश्रणाचा केक खाण्याजोगा होतो, फक्त थोडा दडस होतो.

मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून घ्या. दह्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, रस मिसळा. बस, घोळात रस एवढाच. काही पाककृतींत अर्धी वाटी रस आणि जोडीला खाण्याचा सोडा असतो. त्यात आधी आंबट घालायचं आणि मग सोड्यानं तेच आंबट मारून टाकायचं, असा प्रकार होतो. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. आम्ल जास्त उरलं तर अंड्यातली प्रथिनं लवकर गोठतात आणि केक पुरता फुलण्याआधीच घट्ट होतो. आम्लात कवचालाही नीट तांबूस रंग चढत नाही.

बीटर आता बाजूला. मैद्याचे तीन भाग, दह्याचे दोन. सुरुवात आणि शेवट मैद्यानं. स्पॅच्युला मधून उभा खाली न्यायचा, तळ खरवडत कडेनं वर आणायचा आणि भांडं थोडं फिरवायचं. याला कट अँड फोल्ड म्हणतात. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबला पाहिजे. जास्त ढवळलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. केक चिवट होतो आणि कापल्यावर आत उभी भोकं, बोगद्यासारखी, दिसतात.

(दृश्य: कागद लावलेल्या भांड्यात मिश्रण. वरून, बरोबर मधोमध, मऊ बटरची बारीक रेघ ओढली जाते.)

भांड्यात कागद असा लावा की लांब बाजूंना तो दोन बोटं वर राहील. केक उचलायला तेच कान. मिश्रण सपाट करून मधोमध मऊ बटरची रेघ ओढा. लोफ केकला वरून चीर पडणारच. कडा आधी शिजून घट्ट होतात, मधला भाग मागाहून फुगतो आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. बटरच्या रेघेपाशी कवच धरायला उशीर होतो, म्हणून चीर तिथेच सरळ पडते. ही सजावट आहे. रेघ नाही ओढली तरी चवीत फरक नाही.

ओव्हन १७० अंश सेल्सियसला निदान वीस मिनिटं आधी तापवलेला हवा. पंखा चालू असेल तर १५५. वेळ ५५ ते ६० मिनिटं. काळं भांडं उष्णता लवकर ओढतं, त्यासाठी तापमान दहा अंशांनी कमी करा. काचेचं भांडं उशिरा तापतं आणि तापलं की थंड व्हायलाही वेळ लावतं. पहिली पस्तीस मिनिटं दार उघडायचं नाही. या काळात केकचा सांगाडा अजून ओला असतो. थंड हवा आत शिरली की बुडबुडे आकसतात आणि मधला भाग बसतो. चाळीस मिनिटांनी वरचा रंग गडद वाटला तर फॉइल नुसतं वर टेकवा, घट्ट बांधू नका.

झाला की नाही, हे पाहण्यात फसगत होते ती सुईमुळे. सुई कवचातून घातली तर बाहेर येताना कवचच तिला पुसून काढतं आणि कच्चा केकही शिजलेला वाटतो. सुई चिरेतून, मधोमध, तळापर्यंत घाला. कोरडे कण चिकटले तर ठीक. ओला घोळ चिकटला तर आणखी सात-आठ मिनिटं. चिरेचा आतला भाग चमकत असेल तर सुई घालायचीही गरज नाही, केक कच्चाच आहे. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश.

केक बाहेर काढल्यावर मध्ये खचला, तर कारण बहुधा तिघांपैकी एक: वेळेआधी काढला, दार लवकर उघडलं किंवा बेकिंग पावडर शीग लावून मोजली. शेवटचं कारण अनेकांना खरं वाटत नाही. पण पावडर जास्त झाली तर बुडबुडे इतके मोठे होतात की ते फुटतात आणि त्यांना झेलणारी भिंतच उरत नाही. तळाशी ओलसर, गचगचीत पट्टा दिसला तर आधी भाजण्याच्या वेळेवर संशय घ्या, मग जादा ओतलेल्या रसावर.

(दृश्य: केकवर सुईनं खोल छिद्रं. चमच्यानं पाक. तो दिसेनासा होतो.)

आता रसाची पाळी. ६० मिलिलिटर रसात ६० ग्रॅम साखर विरघळेपर्यंतच गरम करा. उकळू नका, रसाचा ताजेपणा जातो. पाक कोमट होऊ द्या. केक बाहेर काढून दहा मिनिटं झाली, की भांड्यातच त्याला वीस-पंचवीस छिद्रं पाडा आणि पाक चमच्या-चमच्यानं, चार फेऱ्यांत मुरवा. कडांवर थोडा जास्त; त्याच आधी कोरड्या पडतात. सगळा एकदम ओतला तर तो कडेनं घसरतो आणि तळाशी साचतो. अर्ध्या तासानं कागदाचे कान धरून केक जाळीवर घ्या.

संत्र्याचा करायचा असेल तर साल तशीच किसायची, दोन संत्र्यांची. रस मात्र कमी आंबट आणि पाणचट असतो. त्यामुळे पाकासाठी १५० मिलिलिटर रस मंद आचेवर ६० पर्यंत आटवा आणि त्यात चमचाभर लिंबाचा रस घाला. इथे ताजेपणा थोडा जातो, पण न आटवलेला रस नुसता गोड लागतो. ग्रेपफ्रूटला किसणी आणखी हलक्या हातानं फिरवा. त्यातल्या नारिंजिनचा कडूपणा पांढऱ्या थरात भरपूर असतो.

वरच्या पांढऱ्या ग्लेझसाठी १२० ग्रॅम पिठीसाखर चाळून घ्या आणि रस लहान चमच्यानं मोजून घाला. चार चमचे, म्हणजे २० मिलिलिटर, बहुधा पुरतात. चमचा उचलल्यावर जाड धार पडावी आणि तिचा उंचवटा आठ-दहा सेकंद टिकावा. केक पूर्ण गार हवा. कोमट केकवर ग्लेझ पारदर्शक होऊन ओघळतं आणि दुसऱ्या दिवशी पांढरं काही दिसतच नाही.

ग्लेझ धरायला तासभर लागतो. त्यानंतरही लगेच कापू नका. गुंडाळून ठेवलेला केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, कारण पाक कडांपासून आत सारखा पसरतो. बाहेर तीन दिवस राहतो. फ्रिजमध्ये बटर घट्ट होऊन केक कडक लागतो, म्हणून खाण्याआधी तासभर बाहेर काढा. कापायला दातेरी सुरी घ्या, करवतीसारखी चालवा आणि प्रत्येक कापानंतर पुसा.

तीन लिंबांचा रस साधारण १२० मिलिलिटर. घोळात १५, पाकात ६०, ग्लेझमध्ये २०. जो पंचवीसेक उरतो, तो फेकू नका. ग्लेझ वाटीतच घट्ट झालं, तर त्यातले चार-पाच थेंब ते पुन्हा सैल करतात.