सोळा वर्षांच्या आईचं कोण ऐकणार?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, लहानपणी छळ सोसलेल्या किशोरवयीन आईबापांसाठी सरकारी पैशातून समुपदेशन कसं चालावं, हा आजचा विषय. सुरुवात एका सोळा वर्षांच्या आईपासून करते. मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एका शोधनिबंधात तिची हकीकत मांडली. नाव बदलून तिला ॲनी म्हटलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली ही मुलगी आपल्या साडेतीन महिन्यांच्या बाळाला हात लावायला टाळत असे. लहानपणी तिनं घरात बेदम मार खाल्ला होता. ते प्रसंग ती सांगायची, पण परक्या कुणाचे सांगावेत तसे, कोरडेपणानं. मार लक्षात होता. मार खाताना झालेली भीती आणि वेदना मात्र कुठेतरी गाडली गेली होती. फ्रायबर्ग यांच्या मते खरी मेख तिथेच होती. स्वतःचं दुखणं ज्याला पुन्हा जाणवतं, तो ते बाळाच्या वाट्याला येऊ देत नाही. म्हणून आधी ॲनीचं रडणं कुणीतरी ऐकायला हवं होतं. ते ऐकायला समुपदेशक तिच्या घरी गेली.

ही गोष्ट सांगताना मला एक धास्तीही वाटते. ‘ज्यानं मार खाल्ला तो मारणारच’ असा अर्थ लोक चटकन काढतात. तो चुकीचा आहे. छळ सोसलेले बहुतेक जण स्वतःच्या मुलांचा छळ करत नाहीत. मानसशास्त्रज्ञ कॅथी विडम आणि सहकाऱ्यांनी छळ सोसलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांचा २०१५ चा अभ्यास आणखी एक गोष्ट दाखवतो: ज्यांच्या बालपणीच्या छळाची सरकारदरबारी नोंद आहे, त्यांच्यावर यंत्रणेची नजरही जास्त असते, आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त नोंदल्या जातात.

हे अशा कोवळ्या आईला अभ्यास न वाचताही ठाऊक असतं. ‘मी खरं सांगितलं तर बाळ काढून नेतील का?’ हा तिच्या मनातला पहिला प्रश्न. समुपदेशन सरकारी पैशातून चालवायचं म्हटलं, की हा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो. पैसा सरकारचाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिक्षण अर्धवट राहिलेली, कमाई नसलेली मुलगी फी कुठून भरणार? पण बाळ सुरक्षित आहे का याची चौकशी करणारा माणूस आणि तिचं दुःख ऐकणारा माणूस एकच असता कामा नये. समुपदेशनाच्या नोंदी वेगळ्या राहिल्या पाहिजेत. आत्ता कुणाच्या जिवाला धोका असेल तर कळवावं लागेल, हे पहिल्याच भेटीत, तिनं तोंड उघडण्याआधी, साध्या शब्दांत सांगायला हवं. नंतर सांगणं म्हणजे विश्वासघात.

आणखी एक अडसर आहे, तो मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. अनेक ठिकाणी अल्पवयीन मुलीच्या समुपदेशनासाठी पालकांची सही मागतात. ज्यानं छळ केला त्याच्याकडेच कागद घेऊन जायचं? काही वेळा तर गर्भही त्याच अत्याचारातून राहिलेला असतो. तपासणीच्या टेबलावर झोपणं, बाळंतपण, अंगावर पाजणं, यातल्या कुठल्याही क्षणी जुना स्पर्श अंगावर धावून येतो. सुईण किंवा परिचारिकेनं हात लावण्याआधी विचारलं, तरी फरक पडतो.

अशा मदतीनं साधतं काय? संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस ४०० गरोदर स्त्रियांपासून अभ्यास सुरू केला. त्यांत किशोरवयीन पुष्कळ होत्या. काही जणींच्या घरी परिचारिका गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत जात राहिल्या. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर अशा भेटी न मिळालेल्या कुटुंबांच्या तुलनेत त्यांच्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि दुर्लक्षाच्या खात्री झालेल्या तक्रारी जवळजवळ निम्म्यानं कमी होत्या. मात्र घरात नवऱ्याची किंवा जोडीदाराची मारहाण फार असेल, तिथे हा परिणाम दिसला नाही. इंग्लंडनं हीच पद्धत २००७ पासून राबवली. २०१६ च्या चाचणीत गरोदरपणातलं धूम्रपान, बाळाचं जन्मवेळचं वजन, लवकर झालेली दुसरी गर्भधारणा यांत फरक आढळला नाही. हे निकाल लपवू नयेत. पण परिचारिकेची भेट म्हणजे जुन्या जखमेवरचं समुपदेशन नव्हे. दोन्ही हवं, आणि घरातली मारहाण थांबवणारी मदतही त्याला जोडून हवी.

कोवळ्या बापांबद्दल कमी बोलले, कारण योजनाच त्यांच्याबद्दल बोलत नाहीत. त्यांच्यातही लहानपणी मार खाल्लेले असतात. फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना नसतो.

आता पैशाचं. योजना वर्षावर्षाच्या मंजुरीवर चालते, कंत्राट संपतं, समुपदेशक बदलतो. मुलगी आपली हकीकत दुसऱ्यांदा सांगते, तिसऱ्यांदा सांगते. मग अठरा पूर्ण झाली म्हणून तिचं नाव यादीतून निघतं. बाळ तेव्हा नुकतं चालायला लागलेलं असतं. निदान बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत, आईचं वय न विचारता, तोच माणूस तिच्यासोबत राहील, एवढी तरतूद करा. आणि भेटीच्या खोलीत बाळाला निजवायला जागा ठेवा. बाळ कुणाकडे सोपवायचं, हे न सुचल्यामुळे कितीतरी मुली दारापर्यंत येऊन परत जातात.