आधी खिडकी उघडा, मग काढ्याचं बघू

मंडळी, विषय मोठा छान दिलाय: 'हिवाळ्यात निरोगी राहण्याचे नैसर्गिक उपाय आणि साध्या सवयी'. पुष्कळांनी वह्या काढून ठेवल्यात. आल्याचा रस किती चमचे, मध किती चमचे, हे लिहून न्यायचा बेत दिसतोय. सांगणार आहे, सगळं सांगणार आहे. पण त्याआधी मला या सभागृहाच्या खिडक्यांबद्दल बोलू द्या. सगळ्या बंद आहेत. आल्या आल्या मी एक उघडली होती. पाण्याचा घोट घेऊन वळतोय तोवर कुणीतरी ती हळूच लावून टाकली. 'वारं येतंय' म्हणे! अहो, वारं येण्यासाठीच तर भिंतीत एवढी जागा सोडलेली असते.

माझं हे जुनं दुखणं आहे. थंडी पडली की आपण एकजुटीने खिडक्या लावून घेतो, आणि मग महिनाभर एकमेकांना विचारत बसतो की यंदा सर्दी-पडसं एवढं का पसरलंय. यातला कळस मी एका दवाखान्यात पाहिला. बाहेरच्या बाकांवर माणसं दाटीने बसलेली, निम्मी खोकतायत, उरलेली शिंकतायत. खिडकी घट्ट बंद आणि तिच्यावर कागद चिकटवलेला, 'कृपया खिडकी उघडू नये'. मी नुसती तपासणी करून घ्यायला गेलो होतो. उठून बाहेर रस्त्यावर उभा राहिलो आणि नंबर आला की हाक मारा म्हणून सांगितलं. तिथल्या बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मला दाखवायला आणलंय ते डोक्यासाठीच.

आता एक गोष्ट. ही मी संधी मिळेल तिथे सांगतो. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसावं, एवढी विनंती.

साल 1776, सप्टेंबर महिना. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर करून दोन महिने झालेत आणि तिथल्या ब्रिटिश आरमाराचे प्रमुख लॉर्ड हाऊ यांनी बोलणी करायला बोलावलंय. अमेरिकेचे तिघे पुढारी निघाले: बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि एडवर्ड रटलेज. वाटेत न्यू ब्रन्सविकला रात्र झाली. मुक्कामाच्या जागा सगळ्या भरलेल्या. शेवटी फ्रँकलिन आणि ॲडम्स या दोघांत मिळून एक खोली मिळाली. खोली कसली, पलंगापेक्षा जेमतेम मोठी. पलंग एकच. धुराडं नाही आणि खिडकी एकच, तीही लहानशी. फ्रँकलिन 70 वर्षांचे, ॲडम्स 40 चे. ॲडम्स आधीच आजारी आणि रात्रीच्या हवेला भ्यायलेले. त्यांनी लगेच खिडकी लावली. फ्रँकलिन म्हणाले, लावू नका, गुदमरून जाऊ. ॲडम्स म्हणाले, मला रात्रीच्या वाऱ्याची भीती वाटते. तेव्हा फ्रँकलिननी सांगितलं की थोड्याच वेळात या खोलीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा वाईट होणार आहे, नव्हे, झालीच आहे. उघडा ती खिडकी आणि या पलंगावर, तुम्हाला माझा सर्दीचा सिद्धान्त समजावून सांगतो.

आता बघा, एका देशाचं भवितव्य ज्यांच्या हातात, ते दोन पुरुष एका पांघरुणात पडून सर्दीवर वाद घालतायत! ॲडम्सना कुतूहल एवढं की त्यांनी खिडकी उघडली आणि उडी मारून अंथरुणात शिरले. फ्रँकलिननी हवा, थंडी, श्वास, घाम या सगळ्यावर व्याख्यान सुरू केलं आणि ॲडम्सना ते ऐकता ऐकता गाढ झोप लागली. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. व्याख्यान देणाऱ्यांनी हा प्रसंग मनाला लावून घेऊ नये. तिसऱ्या रांगेतल्या त्या काकांनाही मी काही बोलणार नाही.

बोलणी अर्थातच फिसकटली. सिद्धान्त मात्र टिकला. फ्रँकलिनचं म्हणणं असं की सर्दी थंडीने होत नाही. ती माणसांकडून माणसांना होते. बंद खोल्यांत, बंद गाड्यांत जवळजवळ बसून एकमेकांचा श्वास आत घेतला की होते. 1773 मध्ये त्यांनी डॉक्टर बेंजामिन रश यांना पत्रातून हे कळवलं होतं. विषाणू नावाची काही चीज असते हे जगाला कळायला तेव्हा शंभराहून अधिक वर्षं होती. बरं, हा माणूस रोज सकाळी कपडे काढून खोलीत बसायचा आणि त्याला 'हवेचं स्नान' म्हणायचा. तेवढं तुम्ही करू नका. निदान माझं नाव सांगून तरी करू नका.

गोष्टीला एक शेपूट आहे, तेही सांगायला हवं. फ्रँकलिन 1790 मध्ये गेले आणि ॲडम्सनी लिहून ठेवलं की हा माणूस आपल्याच सिद्धान्ताला बळी पडला. उघड्या खिडकीशी तासन् तास बसला, सर्दी झाली आणि गेला. गेला तेव्हा वय होतं 84! आणि खिडकी लावणारे ॲडम्स? ते 90 वर्षं जगले. इतिहास दर वेळी आपल्याच बाजूने साक्ष देतो असं नाही.

म्हणून इतिहास बाजूला ठेवू आणि प्रयोगांकडे येऊ. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळ 1946 पासून पुढे चाळीसहून अधिक वर्षं फक्त सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. स्वयंसेवक तिथे राहायला यायचे आणि त्यांच्या नाकात विषाणूंचे थेंब घालायचे. काहींना गरम पाण्याची आंघोळ घालून ओल्या अंगाने गार वाऱ्याच्या बोळात उभं केलं, ओले मोजे घालून ठेवलं. कुडकुडलेल्यांना जास्त सर्दी झाली का? नाही. पुढे 2005 मध्ये कार्डिफमधून वेगळी बातमी आली. 90 जणांनी 20 मिनिटं गार पाण्यात पाय बुडवले, दुसऱ्या 90 जणांनी रिकाम्या टबात ठेवले. चार-पाच दिवसांनी पहिल्यांपैकी 13 जण सर्दी झाली म्हणाले, दुसऱ्यांपैकी 5. संशोधकांनी लावलेला अर्थ असा की विषाणू काहींच्या नाकात आधीच दबा धरून असतो आणि पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून त्याला मोकळं रान मिळतं. म्हणजे पायमोजे घाला म्हणणाऱ्या आयांचं अगदीच चुकत नव्हतं. पण गार पाण्यातून विषाणू जन्माला येत नाही. तो कुणाच्या तरी नाकातूनच यावा लागतो, आणि बंद खोलीत त्याचा प्रवास फार सोपा होतो.

खोलीतल्या हवेचं गणित म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच मांडलं होतं. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड 1000 भागांच्या वर गेला की खोली कोंदट समजावी, असं त्यांनी ठरवलं. आज बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. दारं-खिडक्या लावून चार माणसं झोपली की हजाराचा आकडा बघता बघता मागे पडतो. तेवढ्याने कुणी आजारी पडत नाही. पण दुसऱ्याने सोडलेला श्वास आपण किती घेतोय, याचं ते माप आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनी शुश्रूषेचा पहिला नियम हाच सांगितला होता: रोग्याला गारठू न देता त्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवायची. आता यातला 'गारठू न देता' हा भाग माझ्यासारखे लोक सोयीने विसरतात, असं आमच्या घरातून वारंवार सुनावलं जातं. तक्रार रास्त आहे. रात्रभर खिडकीखाली कुडकुडत झोपा असं मी कुणालाच सांगत नाही. दिवसातून दोन-तीनदा, समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. हवा बदलते, भिंती आणि सामान ऊबदारच राहतं, त्यामुळे खोली लवकर पुन्हा गरम होते. दिवसभर बोटभर फट ठेवण्यापेक्षा हे बरं. जिथे पहाटे धुरकं जमिनीलगत बसलेलं असतं तिथे ते उठल्यावर, दुपारी उघडा.

दुसरी बाजूही सांगतो. गार हवेत पाण्याची वाफ फार कमी मावते. शून्य अंशाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास, वीस अंशाला साधारण सतरा. म्हणजे बाहेरची तशी हवा आत घेऊन तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली घसरते. नाकातला ओलावा वाळतो आणि जंतू अडकवून बाहेर ढकलणारी तिथली यंत्रणा मंदावते. गिनीपिगवरच्या 2007 च्या एका प्रयोगात गार आणि कोरड्या हवेत फ्लूचा विषाणू जास्त सहज पसरलेला दिसला. त्यामुळे हीटर रात्रभर भट्टीसारखा पेटवून ठेवू नका, आणि दार-खिडकी लावून शेगडीत कोळसा तर कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. सर्दीच्या गप्पा चाललेल्या असताना हे सांगायला बरं वाटत नाही, पण दर हिवाळ्यात असे मृत्यू होतात, आणि ते टाळणं अगदी सोपं असतं.

...चिठ्ठी आली. सात मिनिटं. आणि वह्या अजून कोऱ्याच आहेत. बरं, आता पळत पळत सांगतो.

गुळण्या. जपानमध्ये 387 जणांवर एक प्रयोग झाला. रोज निदान तीनदा साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-खोकला साधारण एक तृतीयांश कमी झाला. जंतुनाशक आयोडीनच्या गुळण्या करणाऱ्यांना मात्र फारसा फरक पडला नाही. फुकटचं पाणी जिंकलं, त्यामुळे त्याची जाहिरात कुणी करत नाही. घसा दुखत असेल तर कोमट पाण्यात मीठ टाका, आराम पडतो.

वाफारा. बरं वाटतं, नाक थोडा वेळ मोकळं होतं, सर्दी लवकर जाते असं मात्र सिद्ध झालेलं नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं सांडून मुलं भाजल्याच्या घटना पुष्कळ आहेत. मुलांना पातेल्याजवळ बसवूच नका. गरम पाण्याची आंघोळ चालू असेल तेव्हा न्हाणीघरात उभं केलं तरी पुरतं.

आल्याचा काढा. गरम गरम पोटात जातं, घसा शेकला जातो, पाणीही जातं. प्या जरूर. त्याने विषाणू मरतो असं म्हणू नका, एवढंच. पित्ताचा त्रास असेल त्यांनी बेताने.

क जीवनसत्त्व. लायनस पॉलिंग यांना नोबेल मिळालं दोनदा, रसायनशास्त्राचं 1954 चं आणि शांततेचं 1962 चं. 1970 पासून ते क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा प्रचार करू लागले. नंतरच्या सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की रोज घेऊन सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. मोठ्यांची सर्दी साधारण आठ टक्क्यांनी लवकर आवरते, म्हणजे आठवड्यातला अर्धा दिवस. आंबट फळं खा की, गोळ्यांचा डबा कशाला?

झोप. वहीत एकच ओळ लिहायची असेल तर ही लिहा. 2015 मध्ये 164 निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता चौपट निघाली. चौपट! एवढा गुण कुठल्याच काढ्याला आलेला नाही.

पाणी. थंडीत तहान कळत नाही आणि लघवी जास्त होते, म्हणून आठवणीने प्या. आंघोळीचं पाणी फार कढत नको आणि अंग पुसल्या पुसल्या, ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावा. ऊन सापडेल तेव्हा घ्या, पण विषुववृत्तापासून फार लांब राहणाऱ्यांना हिवाळ्यातल्या उन्हातून ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. हात साबणाने वीस सेकंद धुवा.

रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी नीट ऐका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो, हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात जास्त येतात. पांघरुणातून उठून थेट गारठ्यात वेगाने चालायला निघू नका. घरातच दहा मिनिटं हातपाय हलवा, कानटोपी घाला, किंवा ऊन वर आल्यावर निघा. छातीत दडपल्यासारखं झालं तर 'गारठा लागला' म्हणत बसायचं नाही. दम लागला, तीन दिवसांनीही ताप उतरला नाही, खोकला तीन आठवड्यांच्या वर गेला, तरी डॉक्टरकडे जायचं. आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत खिडकी बंद असेल तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

मध राहिला. रात्रीच्या खोकल्याला मध खरंच उपयोगी आहे. एक चमचा, झोपण्यापूर्वी, नुसता किंवा कोमट पाण्यातून. मधुमेह असेल त्यांनी साखरेत धरावा. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरसुद्धा चाटवायचा नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तान्ह्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषाने बाळ लुळं पडतं. त्याला बोट्युलिझम म्हणतात. मध उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत. घरी गेल्यावर हे आजीला आधी सांगा, कारण मधाची बाटली बहुतेक तिच्याच ताब्यात असते.